थकलेल्या डोळ्यांचं नाणं

कॉन्स्टँटिनोपलच्या तटाकडे दगडांची टोपली घेऊन निघालेल्या एव्हगेनियाचा समोरून येणाऱ्या तरुणाला धक्का लागला, आणि त्याच्या हातातला चांदीचा दिवा पावसाच्या चिखलात घरंगळला.

"हा तर आमच्या चर्चचा..." तिने दिवा शालीने पुसला. "चोरून चाललास?"

"टाकसाळीत चाललोय, बाईसाहेब. सुलतानाची फौज येतेय, शिपायांना पगार हवा. चर्चची चांदी वितळवायचा हुकूम आहे. मी स्तामातिस, नाण्यांचे साचे कोरतो."

याच दिव्याखाली तिचा बाप्तिस्मा झाला होता. दिवा परत देत ती म्हणाली, "मग नाण्यावर सम्राट तरी नीट कोर."

"त्यांना जवळून पाहिलंय कुठे मी? मुकुट, दाढी काढतो नि मोकळा होतो."

"तटावर मी रोज बघते त्यांना. उद्या येऊन सांगते."

ती खरंच टाकसाळीत आली. मग रोजच येऊ लागली.

"दाढी कमी कर... आणि डोळे थकलेले हवेत. झोपत नाहीत ते."

"नखाएवढ्या जागेत जागरण कसं कोरू?" तो मान वर न करता हसला. "त्यात तू इतकी जवळ उभी राहिलीस की हात हलतो माझा."

"हलू दे," ती म्हणाली, आणि तसूभरही सरकली नाही.

पहिलं नाणं पडलं तेव्हा त्याने ते तिच्या तळहातावर ठेवलं. सम्राट कॉन्स्टंटाइन... डोळे म्हणजे दोन टिंबं, पण थकलेली. "तेच आहेत," ती पुटपुटली. मूठ मिटताना त्याची बोटंही आत राहिली. कोणीच ती सोडवून घेतली नाहीत.

त्याच आठवड्यात तिच्या वडिलांनी खिओस बेटाकडे जाणाऱ्या जहाजावर स्वतःसाठी आणि तिच्यासाठी जागा मिळवली. स्तामातिसच्या कानावर आलं.

"जा तू," तो तिची नजर चुकवत म्हणाला. "इथे काय होईल, सांगता येत नाही. मला काम सोडून हलता येणार नाही."

"मी जावं असं तुला वाटतं?"

"मला काय वाटतं ते बोलायचा हक्क नाही मला."

"मी देते हक्क. बोल आता."

त्याने छिन्नी खाली ठेवली. "राहा... माझ्याजवळ राहा, एव्हगेनिया."

"जहाज सकाळीच गेलं," ती शांतपणे म्हणाली. "बाबा रागावलेत, पण तेही राहिलेत. पाद्रीबाबांना विचारून आले. आता उपवासाचे दिवस, लग्नं लागत नाहीत; ईस्टर झाला की लावतो म्हणाले. तोवर तू नाणी पाड, मी तट बांधते."

टोपली उचलून ती पावसात निघालीसुद्धा. तो दारापर्यंत धावला.

"अगं, मला तर विचारलंच नाहीस."

ती वळली. केसांतून पाणी निथळत होतं. "विचारते. करशील?"

"करीन," तो म्हणाला, आणि टोपलीची दुसरी कडी त्याने धरली.