हसण्याच्या जागी घासलेली कॅसेट

मी थापाड्या आहे हे माझी बायकोच चारचौघांत सांगते. तेव्हा बाकीच्या गोष्टींवर खुशाल विश्वास ठेवू नका.

ही मात्र घडली. माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या घरी, भर दुपारी, गेल्या उन्हाळ्यात.

मेहुणा चष्मे बनवतो आणि जुन्या सिनेमांच्या व्हिडिओ कॅसेट जमवतो. त्याची बायको गेल्यापासून तो एकच कॅसेट शोधत होता.

कोपऱ्यावरच्या दुकानातून ती नेहमी तीच भाड्याने आणायची. सिनेमातली बाई हसत जिना उतरते, तिथे ही जमिनीवर बसून बटण दाबायची. मागे न्यायची.

"पुन्हा एकदा," म्हणायची.

ते दुकान बंद पडलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. माल कुठे कुठे पांगला. त्यामुळे जमवणारे हल्ली भंगारवाल्यांकडे जातात, एकमेकांच्या घरी जातात, मेलेल्या हौशी माणसांच्या मुलांना गाठतात.

सगळे कोरी करकरीत कॅसेट मागतात. हा झिजलेली मागायचा. लोक हसायचे.

शेवटी गावाबाहेरच्या एका गॅरेजमध्ये जुन्या कॅसेटची खोकी विकायला निघाली.

"ही नका घेऊ, साहेब," गॅरेजवाला म्हणाला. "मधेच पार घासलीय. दुसरी देतो."

"मधे म्हणजे कुठे?"

"ती बाई जिना उतरते ना, तिथे. कुणीतरी मागे नेऊन नेऊन वाटोळं केलंय."

मेहुणा तिथल्या खोक्यावरच बसला.

"हीच द्या," म्हणाला.

घरी आल्या आल्या त्याने ती लावली. जिना आला. पडद्यावर पांढऱ्या रेघा आल्या. बाई हसली, आवाज थरथरला.

आणि...

खट्.

बटण आपोआप खाली गेलं.

कर्रर्र... बाई पाठमोरी जिना चढून वर गेली. मग पुन्हा हसत खाली आली.

खट्.

मेहुणा जागचा हलला नाही. मशीनसमोरच्या रिकाम्या जमिनीकडे बघत राहिला.

"चहा ठेवू?" त्याने विचारलं.

कर्रर्र... एवढंच.

त्यानंतर रोज दुपारी त्याच्या चष्म्यांच्या दुकानाला कुलूप. जेवायचासुद्धा तिथेच, तिच्याशी गप्पा मारत. शेजारच्या काकू म्हणाल्या, डोक्यावर परिणाम झालाय. म्हणेनात का.

पण कॅसेट जितकी फिरते तितकी घासते. हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

आधी बाईचा चेहरा गेला.

मग हात.

मग जिनाही गेला. उरलं नुसतं पांढरं, आणि त्यातून येणारं बारीक हसू.

त्याने दुसऱ्या कॅसेटवर नक्कल उतरवून पाहिली. नक्कल मुकाट्याने शेवटपर्यंत चालली. तिला कुणी हात लावला नाही.

मग एका संध्याकाळी तो आमच्या दारात आला. कॅसेट टॉवेलमध्ये गुंडाळलेली.

"ताई, हिला तुझ्याकडे ठेव. माझ्याकडे राहिली तर मी संपवून टाकेन."

"अरे, आमच्याकडे तर मशीनसुद्धा नाही."

"म्हणूनच," तो म्हणाला.

बायकोने ती कपाटात चादरींखाली ठेवली. जाताना त्याने कपाटाच्या दारावर हात टेकला. मी दुसरीकडे पाहिलं.

त्याच्या घरचं मशीन त्या दिवसापासून गप्प आहे. बटण हलत नाही.

पण दुसऱ्याच दिवशी त्याचा ताईला फोन आला. उगीच, कशी आहेस म्हणून. ती सांगत होती, गुडघा दुखतो...

आणि तिच्या आवाजामागे त्याला ऐकू आलं.

कर्रर्र...

"ताई, कसला आवाज येतोय?"

"कुठे काय? पंखापण बंद आहे."

खट्.

त्याने फोन कानावर घट्ट दाबून धरला.

"गुडघ्याचं सांगत होतीस," म्हणाला मग. "सांग ना. सगळं सांग."

आता रोज फोन येतो. बायको खूश आहे. जन्मात कधी दोन वाक्यं न बोललेला भाऊ तासभर ऐकून घेतो, ठेवायची वेळ आली की म्हणतो, "आणखी थोडं बोल ना, ताई."

हे त्याने फक्त मला सांगितलंय.

मला अजून काहीच ऐकू आलेलं नाही. कान तसेही अधू झालेत. पण बायको फोन घेऊन त्या कपाटाला टेकून उभी राहिली, की मी पायांत चपला सरकवतो आणि फाटकापाशी जाऊन उभा राहतो.

एवढ्यातच तिने विचारलं, "अहो, या चादरी रोज कोण विस्कटतं?"

मी म्हटलं, मीच.