क्लच दाबल्यावर येणारा आवाज

तीन नंबरची चांद्रगाडी तळावरची सर्वांत जुनी. तिची एकच विद्युतमोटर चाकंही फिरवायची आणि खडक पोखरणारं गिरमिटही. म्हणून तिला क्लच होता. आणि त्या क्लचमध्ये काहीतरी बिघडलं होतं.

तळाचे मेस्त्री आबा लोंढे यांनी पुन्हा पेडल दाबलं. कर्र... कर्र. बुटातून तो आवाज थेट हाडांत शिरला. पेडल सोडलं, की गिअरच्या घरघरीत तो नाहीसा.

"दाबल्यावर येतो, म्हणजे क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग," मेस्त्री पुटपुटले. "पण ते तर मी परवाच बदललंय."

"नीट बसलं नसेल," शेजारच्या सीटवरच्या भूशास्त्रज्ञ वसुधा भोपटकर रेडिओवरून म्हणाल्या. "आबा, प्राणवायू दीड तासाचा उरलाय आणि तळ तासाभरावर आहे. मध्येच क्लच गेला तर?"

आपलाच हात चुकला असणार, आबांना वाटलं. त्यांनी गाडी थांबवली, उतरून लांब पेचकस काढला, टोक क्लचच्या घरावर टेकवलं आणि मूठ शिरस्त्राणाला लावली.

"हे काय चाललंय?"

"आमच्याकडं कागलला गॅरेजात असंच ऐकतात, मॅडम. जिथं आवाज मोठा, तिथं दुखणं."

"मग इथं तर हाच खरा उपाय. हवाच नाही, त्यामुळे आवाज फक्त घन वस्तूतून येणार. ज्याला स्पर्श कराल, त्याचंच ऐकू येईल. मोटर बंद करून बघा."

आबांनी मोटर बंद केली. गाडीचं एकही चाक, गिअरचा एकही दात हलत नव्हता.

कर्र... कर्र.

त्यांनी पेचकस मागच्या लोखंडी चाकाला लावला. आवाज वाढला. मग गुडघे टेकून त्यांनी टोक खडकावर ठेवलं आणि झटक्यात मागे सरले.

"मॅडम, क्लच ठीक आहे." "आवाज खालनं येतोय. क्लच दाबला की गिअर गप्प होतात, म्हणून तेवढ्यापुरता ऐकू यायचा."

वसुधाबाईंनी पेचकस घेतला. बराच वेळ ऐकलं.

"खाली पोकळी आहे," त्या कुजबुजल्या, जणू मोठ्यानं बोललं तर खडक ऐकेल. "लाव्हा वाहून गेल्यावर उरलेली नळी. दोन आठवड्यांच्या रात्रीनंतर ऊन पडलंय. छत तापून तडकतंय. नकाशात इथं भरीव खडक दाखवलाय."

"कुणी काढला हो तो नकाशा?"

"मी."

चालत जावं तर प्राणवायू पुरणार नव्हता. आबांनी गाडी मुंगीच्या पावलानं काढली. थोडं जायचं, थांबायचं, क्लच दाबून ऐकायचं. प्रत्येक वेळी पाय पेडलवर ठेवताना ते डोळे मिटून घ्यायचे. आवाज हळूहळू बारीक होत गेला. काळ्या उंचवट्यावर गाडी चढली आणि पेडलखाली आवाज उरलाच नाही.

"आबा, तुमच्या कानांना सोन्यानं मढवायला हवं!" वसुधाबाई हसल्या; रडू आल्यासारख्या.

"राहू द्या. जड होतील."

तळाच्या शेडचं दार बंद झालं तेव्हा दहा मिनिटांचा प्राणवायू शिल्लक होता. शेडमध्ये हवा भरली. आतून कुणीतरी ओरडलं, "आबा, पिठलं निवतंय! की परत क्लच रुसला?" एकतीस माणसं आत जेवायला बसली होती, भांडी वाजत होती.

आबांनी मोटर बंद केली. पेडलवर पाय राहिला होता, तो काढायचंही त्यांना सुचलं नाही.

कर्र.

त्यांनी वळून पाहिलं. शिरस्त्राण काढायला गेलेले वसुधाबाईंचे हात तिथंच थांबले होते. सीटमधून तो आवाज त्यांच्यापर्यंतही पोहोचला होता.

"तळाची ही जागाबी त्याच नकाशावरनं ठरवली?"

वसुधाबाईंनी होकारार्थी मान हलवली.

आपलं चुकत असेल, माणसं हसतील, असं एकदा मनात येऊन गेलं. मग जन्मात कुणाला हुकूम न दिलेल्या आबांनी तळाचा ध्वनिक्षेपक ओढला.

"जेवण टाका," ते म्हणाले. "पोशाख चढवा आणि एकेक करून बाहेर या. कुणी पळू नका. पाय आपटू नका."