रिकाम्या घराची दोहोरी

"अहो, वाट सोडा! पाठीवर एवढी मोठी टोपली आहे, दिसत नाही का?"

दगडी पायऱ्यांवर मध्येच तो उभा होता, मान वर करून बर्फाचे डोंगर बघत... जसे काही कधी पाहिलेच नव्हते! मी वळले, टोपली कलली, आणि वरची रजई थेट त्याच्या डोक्यावर!

रजईतून आवाज आला, "मी गावात होतो तेव्हा पाहुण्याला फुलांची माळ घालायचे. आता रजई?"

"बोलावलेल्या पाहुण्याला माळ. द्या ती इकडे, पोरांची आहे."

हसला मेला... आणि माझा राग निम्मा झाला. हा दिलजंग घले. शाळेशेजारच्या बंद घराचा मालक, कालच मलेशियातून परतलेला.

मी सुनमाया गुरुंग, इथल्या शाळेत शिकवते. दहा पोरं माझ्याकडे राहतात. कुणाला आई नाही, कुणाला कुणीच नाही. गावच्या आमा, म्हणजे आमच्या साऱ्या आया, त्यांना तांदूळ देतात, रजया शिवतात. पण पोरं झोपायची ती खोली पावसाळ्यात दरडीखाली गेली. थंडीआधी छप्पर मिळालं नाही तर पोरं पोखऱ्याच्या हॉटेलांत भांडी घासायला जाणार. एकदा गेलेलं पोर शाळेत परत येत नाही, मी पाहिलंय.

"तुमचं घर द्या," मी तिथेच म्हटलं.

"आधी ओळख तरी होऊ दे! उद्या एका हॉटेलवाल्याला शब्द देतोय."

"अजून दिला नाही ना? मग संध्याकाळी शाळेच्या अंगणात या. आमांची दोहोरी आहे, सवाल-जवाबाची गाणी. हरलात तर किल्ली माझी."

"आणि जिंकलो तर?" त्याचे डोळे मिश्कील झाले. "जुनी रीत ठाऊक आहे ना, मास्तरीणबाई? हरणारा जिंकणाऱ्याबरोबर जातो... जन्मभरासाठी."

रीत ठाऊक होतीच. पण मागे हटेल ती मी कसली!

"चालेल."

संध्याकाळी मादल, आमची ढोलकी, घुमलं. एकीकडे पुरुष, एकीकडे आम्ही. सवालाला जवाब सुचला नाही की हरलं. दिलजंगनं सुरुवात केली—

"उंच कड्यावर फुलला गुराँस, कोण तोडायला जाई?
इतकी रागीट मास्तरीण मी पाहिली नव्हती बाई!"

मी काय ऐकून घेते!

"फूल तोडायचं राहू दे, आधी घराचं कुलूप तोड,
पोरांच्या पायी बोचतात काटे, आता तरी हट्ट सोड!"

"कुलूप काढीन, अंगण झाडीन, म्हणशील ते ते करीन,
एवढ्या मोठ्या घरात सांग, कुणाचा हात धरीन?"

आमा खिदळल्या. माझे कान तापले. तरी गायले—

"धरायला वीस हात येतील, दारात चिवचिव होईल,
ज्यांना नाही आई नि बाप, त्यांना कोण घरात घेईल?"

मादल वाजत राहिलं. त्यानं तोंड उघडलं... मिटलं. अंगणाच्या कडेला पोरं रजयांत गुरफटून बसली होती. तो त्यांच्याकडे बघतच राहिला. मादल थांबलं आणि आमांनी एकच कल्ला केला.

तो किल्ली घेऊन आला, तशी माझं डोकंच फिरलं. "मुद्दाम हरलात ना? दया नकोय मला. बसा पुन्हा!"

"शप्पथ, नाही गं! जिंकायचंच होतं मला... फार जिंकायचं होतं. पण त्या सवालाला 'मी घेईन' एवढा एकच जवाब होता. तो नुसता गाऊन कसं भागेल, सुनमाया?"

पहिल्यांदाच नावानं हाक मारली त्यानं. मी किल्ली घेतली.

सकाळी कुलूप निघालं. पोरं घरभर उधळली. तो मात्र उंबऱ्याबाहेरच.

"आत या की!"

"घर तुझं झालं. आता हरलेल्याचं काय करायचं, ते तू ठरव. रीत आहे..."

मला हसूही आलं आणि रडूही. "रजईतून बोललात ना, तेव्हाच आवडला होतात मला. पण आधी सांगा— भांडी घासता येतात?"

"नववीत शाळा सोडून पोखऱ्याच्या हॉटेलात गेलो होतो, मग मलेशियाला. सात वर्षं दुसरं केलं काय?"

मी त्याचा हात धरून त्याला आत ओढलं.

"मग चुलीपाशी चला. माझी पोरं आता कुणाची भांडी घासणार नाहीत."