पिवळं पडलेलं कुंकू

त्रिवेणी शहरातल्या कोठी भागात, खाजगी तपासाची कामं घेणाऱ्या सुशीलाबाईंच्या ऑफिसात शिरली ती दसऱ्याच्या सकाळी, आणि बसा म्हटलं तरी बसली नाही.

"माझा पडदा गळलेला नाही," ती म्हणाली. "गळला असं मी मरेपर्यंत कबूल करणार नाही."

"खिडकीचा?" प्रमोदनं विचारलं. बाईंचा हा भाचा मदतनीस म्हणून ठीक होता, डोकं मात्र सावकाश चालायचं.

त्रिवेणीनं रागातच समजावलं. अंबरपेठेतल्या कारखान्यात तिनं मोठी बॅटरी उभारली होती. तेजाबात विरघळलेला एकच धातू, एका टाकीत जांभळा, दुसरीत पिवळा. पंप दोन्ही द्रव मधल्या पेटीत खेळवतात, तिथं त्यांच्यात फक्त तिनं बनवलेला पातळ पडदा. धातू त्यातून पलीकडे गेला की बॅटरी मेली. कालपर्यंत जांभळी असलेली टाकी आज हिरवी सापडली होती, पिवळीची पातळी थोडी उतरली होती, आणि गिऱ्हाईक उद्या येणार होतं. मालक नामदेवराव म्हणत होते, आयात खुली झालीय, परदेशी पडदा आणू, तू आता घरी बस.

सुशीलाबाई आणि प्रमोद तिच्याबरोबर कारखान्यात पोचले, तेव्हा यंत्राला झेंडूची माळ होती. पंपाच्या खटक्याला बांधलेला लाल नाडा तसाच होता.

"काल खंडेनवमी," मालकांच्या पत्नी चतुराबाई म्हणाल्या. "यंत्र बंद करून मीच बांधला. आज नारळ फोडल्यावर सुटतो. सगळ्यांना खिशात ठेवायला नवी दस्ती दिली, कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावून."

"हळदीचं नाही?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"नाही हो. घरचं कुंकू, हळदीला चुना देऊन मीच केलेलं."

कारखान्याच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. नामदेवरावांनी त्याच दस्तीनं चष्मा पुसत सांगितलं, संध्याकाळभर घरी पाहुणे होते. कोपरा लालभडक होता. त्रिवेणीचाही. पुण्याहून आलेला मॅनेजर हर्षद म्हणाला, पूजेनंतर आपण इकडे फिरकलोच नाही, आणि देशी पडदा म्हटला की गळणारच. बाईंनी मागितली तशी त्यानं बॅगेतून चुरगळलेली दस्ती काढली. कोपरा पिवळा होता.

"काकूंनी हळद लावली असेल," तो म्हणाला.

बाईंनी पूजेच्या ताटातलं कुंकू कागदावर घेतलं आणि त्रिवेणीला त्यावर हिरव्या टाकीतला एक थेंब टाकायला लावला. कुंकू पिवळं पडलं. मग त्यांनी हर्षदची दस्ती हलकेच ताणली. ती टरकन फाटली.

"हळदीनं कापड विरत नाही. तेजाबानं विरतं, आणि तेच या कुंकवाची पुन्हा हळद करतं. तुम्ही पिवळ्या टाकीतलं मगानं जांभळीत ओतलंत आणि सांडलेलं दस्तीनं पुसलंत."

"पण पडदा गळूनही हिरवंच होतं ना?" प्रमोद म्हणाला.

"पंप चालू असता तर. नाडा कालपासून सुटलेला नाही. बंद यंत्रात पेटीतलं ओंजळभर पाणी बिघडेल, अख्खी टाकी नाही."

हर्षदचा चेहरा उतरला. परदेशी पडद्याची एजन्सी आपल्याला मिळणार होती, हे त्यानं शेवटी कबूल केलं. नामदेवरावांनी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली. तरी ते पुटपुटलेच, की उद्या गिऱ्हाईक येणार आणि माल तर नासला.

"नासलेला नाही, काका. धातू एकच आहे. दोन्ही टाक्या मिसळून पुन्हा चार्ज केल्या की रंग परततो," त्रिवेणी म्हणाली. "आणि तो परदेशी पडदाही मागवाच. माझ्या शेजारी लावा. कुणाचा आधी गळतो, ते मला बघायचंय."

चतुराबाईंनी नारळ फोडला आणि नाड्याकडे गेलेला नवऱ्याचा हात मागे सारला.

"हिला सोडू द्या," त्या म्हणाल्या.

त्रिवेणीनं गाठ सोडली आणि नाडा स्वतःच्या मनगटाला बांधला. मग ती बाह्या सारून कामाला लागली.