सिस्टरच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

खरी गोष्ट आहे असं सांगून काही उपयोग नसतो, ते मला ठाऊक आहे. इथे भुतांच्या गोष्टी सांगणारे सगळेच तसं म्हणतात.

पण ही ज्याच्यावर गुदरली तो माझा सख्खा मामा. आणि मामाला थाप मारता येत नाही. आम्हा भाचरांशी पत्ते खेळताना त्याचा चेहरा बघूनच त्याच्या हातात काय आलंय ते कळायचं.

मामा गाड्या दुरुस्त करतो. त्यातही जुन्या रोटरी इंजिनच्या स्पोर्ट्स गाड्या. या इंजिनात पिस्टन नसतो, एक तिकोनी फिरकी गरगर फिरत असते. बाकीचे मिस्त्री ते उघडायला बिचकतात. म्हणून त्याचं नाव पडलं फिरकीमास्तर. नावावरून त्याची चेष्टाही भरपूर होते, पण गाडी अडली की सगळे त्याच्याच दारात.

हिवाळ्यातली पहाट होती. जागा म्हणजे एका बैठ्या घराला लागून असलेली पत्र्याची शेड. तीन बाजूंना भिंत, समोर जाळीचं फाटक.

तिथे मामाने जे पाहिलं, ते पाहून तो दोन दिवस जेवला नव्हता.

सुरुवात मात्र अगदी साध्या तक्रारीने झाली. एक बाई लाल रंगाची जुनी स्पोर्ट्स गाडी घेऊन आल्या. हॉस्पिटलात सिस्टर होत्या. ठेंगण्या, सीट पार पुढे ओढून बसलेल्या. गाडी पेट्रोल फार पिते म्हणाल्या.

मामा हसला. रोटरी गाडी पेट्रोल पिते यात नवल ते काय? पण सिस्टरने अ‍ॅव्हरेज सांगितलं आणि त्याचं हसू मावळलं. या गाडीने जेवढं द्यायला हवं, त्याच्या जेमतेम निम्मं.

गाडी सिस्टरच्या नवऱ्याची. त्याने आयुष्यभर बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर हौसेने ही घेतली. गेल्या हिवाळ्यात तो गेला. दूर राहणारी मुलगी मागे लागली होती, आई, तो पांढरा हत्ती विकून टाक. गिऱ्हाईकही तयार होतं.

"त्यांची म्हणून एवढी एकच गोष्ट उरलीय, दादा," सिस्टर म्हणाली. "परवडली तर ठेवीन. नाहीतर महिनाअखेर देऊन टाकावी लागेल."

मामाने शब्द दिला. गाडी जाणार नाही.

तो कामाला लागला. आधी प्लग काढले. मग कॉइल तपासल्या, एक दमलेली निघाली, ती बदलली. फिरकीच्या टोकांची सीलं झिजली असतील म्हणून इंजिनातला दाब मोजला, तो उत्तम. इंजेक्टर गळत नव्हते. ब्रेक घासत नव्हते. इंजिन नीट तापत नसलं तरी जास्त पेट्रोल जातं, म्हणून त्याने विचारलं, सकाळी गाडी गरम व्हायला फार वेळ लागतो का?

सिस्टर म्हणाली, छे. उलट तेवढं एक सुख आहे. पहाटे ड्यूटीला निघताना आत बसलं की हीटर लगेच गरम हवा देतो.

मामा चमकला. रात्रभर थंडीत उभी असलेली गाडी... लगेच गरम हवा कशी देईल?

त्याला वाटलं, बाईंच्या बोलण्यात कमीजास्त झालं असेल.

गाडी त्याने काही दिवस गॅरेजमध्येच ठेवली. रोज चालवून बघितली. अ‍ॅव्हरेज एकदम ठीक! स्वतःवर खूश होऊन त्याने गाडी परत दिली.

आणि पंधरवड्यात सिस्टर पुन्हा दारात. अ‍ॅव्हरेज परत निम्मं.

गॅरेजमध्ये ठीक. तिच्या घरी गेली की बिघाड.

मामाने डोकं खाजवलं. मग त्याच्या डोक्यात ट्यूब पेटली. कोणीतरी पेट्रोल चोरतंय. सिस्टर पहाटे उठते, मागच्या न्हाणीघरात जाते, नळाच्या आवाजात तिला काही ऐकू येत नाही, तेवढ्यात चोर डाव साधत असणार. दुसऱ्या दिवशी पहाटे सिस्टरच्या शेडमध्ये दबा धरून बसायचं ठरलं. किल्ली सिस्टरच्या पर्समध्ये असायची. दुसरी किल्ली नवऱ्याकडे असे. तो गेला त्या गोंधळात ती कुठे गेली, ती सापडलीच नव्हती.

पहाटे मामा पोचला. अजून उजाडायचं होतं. त्याने बॉनेटवर हात ठेवला.

थंडगार.

फाटकाला आतून कडी घालून तो कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसला.

मागच्या बाजूला नळ सुरू झाला. सिस्टर आंघोळीला गेली होती.

आणि मग...

फाटकाची कडी वाजली.

मामाने पाहिलं. फाटक बंदच होतं. कडी जागच्या जागी.

पावलं ऐकू आली. जड, सावकाश. चपला किंचित घासत येणाऱ्या माणसाची. मामाच्या अगदी पुढ्यातून ती गेली.

तिथे कोणीच नव्हतं.

गाडी एका बाजूने हलकेच खाली बसली. आत कोणी जाऊन बसलं की बसते ना, तशी. दार मात्र उघडलं नव्हतं.

मग आतून आवाज आला... कर्रर्र.

ड्रायव्हरची सीट मागे सरकली. उंच माणसाच्या पायांना जागा लागते तेवढी.

आणि इंजिन सुरू झालं.

डॅशबोर्डवरच्या काट्यांचे दिवे उजळले. त्या उजेडात मामाला आतलं स्पष्ट दिसलं. रिकामी सीट. रिकामं स्टिअरिंग.

पळायचं सुचलं, पण मामा बादलीवर नुसता बसून राहिला. आणि जन्मभराची सवय, भीतीतही त्याचे कान इंजिनाकडेच लागले. कोणी उगाच रेस करत नव्हतं. थंड रोटरी इंजिन सुरू करून लगेच बंद केलं तर आत पेट्रोल साचतं, मग ते सुरूच होत नाही. पूर्ण तापू द्यावं लागतं. आत जे कोणी होतं त्याला हे माहीत होतं. ते शांतपणे वाट बघत होतं.

मागचा नळ बंद झाला.

तसं इंजिन एकदा हलकेच रेस झालं आणि बंद झालं. सीट परत... कर्रर्र... पुढे सरकली. थेट सिस्टरच्या मापाला.

गाडी वर उचलली गेली. पावलं निघाली. फाटकाकडे नाही, घराच्या दाराकडे. दाराशी येऊन थांबली. कोणीतरी तिथे उभं राहिलं होतं.

थोड्या वेळाने सिस्टर त्याच दारातून बाहेर आली आणि तिने विचारलं, दादा, सापडला का कोणी? मामाने नकारार्थी मान हलवली. बॉनेटवर हात ठेवला, तर चटका बसला.

तिला त्याने काही सांगितलं नाही. एकटी बाई, पहाटे निघणारी, तिच्या मनात भीती कशाला घालायची? शिवाय शब्द दिला होता, गाडी जाणार नाही म्हणून. त्याच दिवशी त्याने बॅटरीला एक खटका बसवला. करंट लीक होतोय म्हणून सांगितलं. घरी आलात की खटका खाली, निघताना वर. खटका खाली असताना कोणाच्याही बापाला गाडी सुरू करता येणार नव्हती.

अ‍ॅव्हरेज सुधारलं. सिस्टरने गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. मामाला हायसं वाटलं.

आठवडाभराने एका संध्याकाळी ती गॅरेजमध्ये आली. गाडीतून उतरली नाही. काच खाली करून म्हणाली, अ‍ॅव्हरेज उत्तम आहे.

"दादा, आता गाडी गरम नसते," ती म्हणाली. "तुम्ही नक्की काय बंद केलंत?"

मामाचा चेहरा. लपवणार कसं? त्याने सगळं सांगून टाकलं. कडी, पावलं, सीट, दाराशी थांबलेलं ते जे कोणी.

सिस्टर घाबरली नाही. ती रडायला लागली.

मग तिने सांगितलं. नवरा रोज हेच करायचा. बसवाल्याची सवय, थंड गाडीवर माणूस बसवायचा नाही. ती आंघोळीला गेली की हा शेडमध्ये जायचा, गाडी तापवायचा, सीट तिच्या मापाला ओढायचा आणि दाराशी उभा राहायचा. गेल्या हिवाळ्यात ती बाहेर आली तेव्हा तो दाराशी नव्हता. गाडीतच होता, मान टाकून. तिला वाटलं डुलकी लागली, ती त्याला रागावलीसुद्धा. इंजिन चालूच होतं. ते तिने बंद केलं.

"मला वाटायचं गाडीच चांगली आहे, म्हणून गरम असते," ती म्हणाली. "वर्षभर ते माझ्यासाठी येत होते आणि मी तक्रार घेऊन तुमच्याकडे आले."

मामाने तिथल्या तिथे खटका काढला. वायर होती तशी जोडून दिली. पाना दोनदा खाली पडला.

दुसऱ्या पहाटे सिस्टरने नळ नेहमीपेक्षा जास्त वेळ सोडून ठेवला. बाहेर आली. बॉनेटवर हात ठेवला.

थंड.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही थंड.

त्याला वर्ष होऊन गेलं. तिचा नवरा असा कसा येत होता, आणि वायर जोडल्यावरही का आला नाही, याचं उत्तर मामाकडे नाही. माझ्याकडेही नाही. सिस्टरकडे आहे. तिने एकदाच ते बोलून दाखवलं.

"त्यांना वाटलं असेल, मीच नको म्हटलं."

मामा तेव्हापासून रात्री नीट झोपत नाही. आपण बिघाड काढला की माणूस घालवला, हे त्याला अजून कळलेलं नाही. सिस्टर गाडी अजून चालवते, ऑइल बदलायला त्याच्याकडेच येते. पहाटे स्वतःच गाडी तापवते, थंडीत, शाल गुंडाळून, एकटी बसून. अ‍ॅव्हरेजबद्दल मामा चुकूनही विचारत नाही.

तीच निघताना काच खाली करून सांगते, "अजून चांगलंच आहे, दादा." आणि तिचे डोळे भरून येतात.