कशासारखंही नसलेलं चित्र

"मला तर हे थालीपीठ वाटतंय," केंद्राच्या उपाहारगृहातल्या सिंधूताई म्हणाल्या, आणि शाल्मली धारपची सगळी मेहनत पाण्यात गेली.

चित्र वाईट नव्हतं, पण व्यथांतर केंद्राचा नियमच तसा होता. उपचारासाठी काढलेलं प्रत्येक चित्र आधी पहारेकऱ्यापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना दाखवायचं आणि विचारायचं, कशासारखं दिसतं? एकालाही ढग, नकाशा, काहीही आठवलं की चित्र बाद. शाल्मलीने आयुष्यभर अमूर्त चित्रंच काढली होती. 'यात नेमकं काय आहे हो?' असं विचारणाऱ्यांना ती विटली होती. इथे 'काहीच नाही' हीच शाबासकी होती.

हे चित्र मात्र तिच्या नवऱ्यासाठी होतं. इमारतीच्या आवारात गाडी मागे घेताना, चाकामागे वाकून चेंडू काढणारी त्यांची सहा वर्षांची ओवी निरंजनला दिसली नव्हती. त्यानंतर तो गाडीत बसेना. मग त्याला चेंडू बघवेना, मग लहान मुलं, मग दिवसाचा उजेडही. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. निरंजनने पिणंच सोडलं होतं. एकदा तर त्याला गच्चीच्या कठड्यावरून ओढून आणावं लागलं.

"तू इथलीच आहेस, पण आज नातेवाईक म्हणून बसली आहेस. तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगते," डॉ. नसरीन मुकादम म्हणाल्या. हा उपचार त्यांनीच शोधला होता. "आठवण जागी झाली की थोडा वेळ ओली असते, ताज्या गिलाव्यासारखी. मग पुन्हा सुकते. आम्ही मृदुक टोचतो, त्याने ती जास्त वेळ ओली राहते. तेवढ्यात डोळ्यांसमोर जी नवी गोष्ट असेल तिला व्यथा चिकटते आणि आठवणीपासून सुटते. आठवण राहते, दुखत नाही."

"नवीच गोष्ट हवी."

"हो. ओळखीच्या वस्तूला आधीच काहीतरी चिकटलेलं असतं, तिथे जागा नसते. म्हणून तुझी अनाकृती, कशासारखंही नसलेलं चित्र. ती मग जाळायची. तिच्यासारखं जगात दुसरं काहीच नाही, म्हणजे व्यथेला परत यायला दार नाही. पण एक लक्षात ठेव. मृदुक आयुष्यात एकदाच टोचता येतो आणि वर्षभर अंगात राहतो. त्या वर्षात चित्र पुन्हा समोर आलं, तर व्यथा जागी होईल, ओली होईल आणि दुसरीकडे कुठेतरी जाऊन चिकटेल. वर्ष सरलं की जिथे असेल तिथे कायमची."

"आणि माझं काय?" शाल्मलीने विचारलं.

"काढणारीला स्वतःचं चित्र नवं कसं वाटेल? आणि दुसऱ्या कोणाला अनाकृती जमत नाही. कुठेतरी पाखरू निघतं, नाहीतर डोंगर. तुझ्यासाठी माझ्याकडे काही नाही गं."

पुढचं चित्र पाहून सिंधूताईंनीही मान हलवली. "नाही बाई. कश्शासारखंच नाही." निरंजन ते चित्र बघायला आत गेला आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "भूक लागलीय." शाल्मली भिंतीला टेकून रडली. घरी येताना गाडी त्याने चालवली.

चित्र जाळायचं काम चित्रकाराचंच असे, आणि तिच्यावर अविश्वास दाखवायचं कोणाच्या मनातही आलं नाही. त्या दिवशी भट्टीत जळलं ते आधीचं बाद झालेलं थालीपीठ. खरी अनाकृती तिने घरी नेऊन कपाटामागे उलटी ठेवली. का, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

निरंजन बरा झाला, अगदी हवा होता तसा. शेजाऱ्यांना तो अपघाताची हकिगत सांगे, हरलेल्या सामन्याची सांगावी तशी. चेंडू त्याने बिनदिक्कत देऊन टाकला. एके दिवशी म्हणाला, "ओवीची खोली रिकामीच आहे. व्यायामाची सायकल तिथे ठेवू या का?" ती रडायला लागली की पाणी आणून द्यायचा, पाठीवरून हात फिरवायचा. "किती दिवस रडणार आहेस, शालू?" त्यात कुत्सितपणा मुळीच नव्हता. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्याचं जळायचं थांबलं होतं. आता ओवीसाठी दुखणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाला नवऱ्याचा द्वेष वाटायला लागला होता.

ओवीच्या वाढदिवसाला सकाळी तो पोहे खात म्हणाला, "आज सात पूर्ण झाली असती. मीठ दे जरा."

शाल्मली उठली. कपाटामागून चित्र काढून तिने त्याच्यासमोर उभं केलं.

निरंजन खुर्चीवरून घसरला. जनावरासारखा ओरडला. "माझी ओवी... मी मारली गं तिला." शाल्मली त्याच्यासमोर बसली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि हसली. इतकं शांत, इतकं भरून आलेलं समाधान तिला जन्मात वाटलं नव्हतं. "रड," ती म्हणाली, "आणखी रड." तो तिच्याकडे बघत रडत राहिला.

मग तिला स्वतःचीच भीती वाटली. चित्र तिने गच्चीत नेऊन जाळलं आणि डॉ. मुकादमांपुढे जाऊन सगळं कबूल केलं. डॉक्टर संतापल्या, पण आधी त्यांनी कामाचं विचारलं.

"त्या वेळी त्याच्यासमोर नवं काय होतं?"

"काहीच नाही. आमचंच घर. मीच होते."

"तू त्याला नवी नाहीस. मग वाचलीस. व्यथा चिकटायला जागा न मिळता सुकली असेल."

तसंच झालेलं दिसत होतं. संध्याकाळपर्यंत निरंजन सावरला आणि पुन्हा शांतपणे जेवू लागला. शाल्मलीला मात्र शरमेने त्याच्याकडे वर मान करून बघवत नव्हतं. हसू तर दूरच राहिलं. मृदुकाचं वर्ष तसंच सरलं.

तिने केंद्र सोडलं. ओवीच्या खोलीत बसून ती स्वतःसाठी चित्रं काढू लागली. आधी नुसते काळे थर, मग त्यावर खरवडलेल्या रेषा. एका दुपारी हात आपोआप फिरला आणि कॅनव्हासवर लाल गोल उमटला, चेंडूसारखा. कोणीही ओळखला असता. शाल्मली त्याच्याकडे बघत राहिली. ओवीचं धावणं आठवलं, आणि पहिल्यांदाच त्या आठवणीच्या शेवटी गाडी आली नाही. छातीतलं काहीतरी सैल झालं. हे त्याला सांगायलाच हवं, असं वाटून ती तशीच बाहेर आली. चेहऱ्यावर समाधान होतं, शांत, भरून आलेलं.

निरंजनने पेपरातून वर पाहिलं आणि तो खुर्चीवरून घसरला. "माझी ओवी," तो ओरडला, "मी मारली गं तिला."

तिला सगळं कळलं. ती त्याला नवी नव्हतीच, पण तो चेहरा नवा होता. इतकं समाधान त्याने तिच्या तोंडावर त्या दिवसाआधी कधी पाहिलंच नव्हतं. चित्र जाळता आलं होतं. वर्ष सरलं होतं आणि गिलावा सुकला होता.

तिने चेहरा दगडासारखा केला. हळूहळू तो शांत झाला, डोळे पुसत उठून बसला.

"मला काय झालं होतं?"

"काही नाही," शाल्मली म्हणाली.

तो प्रेमाने तिच्याकडे बघत राहिला. "तू किती दिवसांत हसली नाहीस, शालू," तो म्हणाला. "जरा हस ना. मला बरं वाटेल."