बिब्ब्याची फुली

देवमनला धारणीहून जीपमधून आणलं तेव्हा त्याचं तोंड एक बोटभरही उघडत नव्हतं. दाढ दुखते म्हणून आठ दिवस नुसत्या गोळ्या खाल्ल्या होत्या. दाढेतला पू गळ्यात उतरला होता. तिथून छातीत गेला की माणूस हातचा जातो. बावीस वर्षं मी अमरावतीत गळे उघडतोय, एवढं मला कळतं.

गळ्याच्या हाडाखाली बिब्ब्याची काळी फुली होती. "सूज इथून पुढं जाऊ नये म्हनून हद्द घातली," त्याची आई केशरबाई म्हणाली.

मी अकोल्याचा, पारा लवकर चढतो. "दवाखान्यात आनाचं सोडून फुल्या काहाडत बसल्या?"

मला नंतर वाईट वाटलं.

लगेच गळा उघडला, पू काढला, नळ्या टाकल्या. आधीच्या स्कॅनमध्ये पू बरोबर फुलीपाशी थांबलेला दिसला होता. योगायोग, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेसिंग करताना पाहिलं तर फुली चार बोटं खाली होती. बिब्बा कातडीवर उततो, डाग आठ-आठ दिवस जात नाही. जुन्या जागी मात्र काहीच नव्हतं.

बाहेर येऊन विचारलं, "मावशी, पुन्हा बिब्बा लावला का?"

"मले आयसीयूत कोन जाऊ देते, साहेब?"

खरंच होतं. सिस्टर प्रणालीनं दारावरची वही दाखवली. रात्रभर बाहेरचं कोणीच आत गेलं नव्हतं.

दुपारी देवमनचा ताप चढला, धाप लागली. स्कॅनचं मशीन नेमकं बंद, दुरुस्तीवाला नागपूरहून संध्याकाळी येणार. थांबलो तर पोरगा जाणार. उगाच छाती उघडली तर त्या अवस्थेत तेही त्याला झेपणार नव्हतं. मी फुलीवर बोट ठेवलं. स्वतःची लाज वाटली. तरी छाती तिथंच उघडली.

पू होता. वाटीभर. फुलीच्या खाली थेंबही नाही.

देवमन वाचला. पाचव्या दिवशी श्वासाची नळी निघाली, आठव्या दिवशी भाकर मागायला लागला. केशरबाईनं माझे पाय धरले तेव्हा माझेही डोळे भरले. पण एक विचार काही केल्या सुटेना. फुली पुवाच्या मागं चालली होती, की पू फुलीच्या?

बाराव्या दिवशी सुट्टीचा कागद लिहायला घेतला. ताप नाही, स्कॅन स्वच्छ. देवमन खाटेवर बसून संत्रं सोलत होता.

"साहेब, आज घरी जाऊ न?"

"जा ना लेका."

टाके बघायला प्रणालीनं त्याचा सदरा वर केला. तिचा हात तिथंच थांबला.

शेवटच्या टाक्याखाली चार बोटांवर फुली होती. अजून ओली.

मी पेनाला टोपण लावलं.

"सिस्टर, थेटर तयार करा."

"काहून, साहेब?" देवमन हसून म्हणाला. "मले तं कुठंच दुखत नाही."